अ‍ॅशचा चॅरिझार्ड पहिल्यांदा पाहताय? मग या क्रमाने पाहा

पोकेमॉन मालिका जपानमध्ये टीव्ही टोकियोवर १ एप्रिल १९९७ ला सुरू झाली आणि त्यातली अ‍ॅश केचमची गोष्ट २४ मार्च २०२३ ला संपली. या सव्वीस वर्षांत बाराशेहून जास्त भाग झाले. आता कोणी 'मला चॅरिझार्ड बघायचाय, सुरुवात कुठून करू?' असं विचारलं, तर 'पहिल्यापासून बघ' हे उत्तर म्हणजे त्याला परत पाठवण्यासारखंच आहे. चॅरिझार्डची, म्हणजे अ‍ॅशच्या ड्रॅगनसारख्या, आग ओकणाऱ्या पोकेमॉनची गोष्ट या ढिगातून वेगळी काढता येते. साधारण पंधरा भाग आणि एक-दोन चित्रपट. एक भाग वीस-बावीस मिनिटांचा, म्हणजे चित्रपट सोडले तर पाच-साडेपाच तासांचं काम.

आपल्याकडे बऱ्याच जणांनी हा ड्रॅगन तुकड्यातुकड्यांत पाहिला आहे. २००३ मध्ये मालिका कार्टून नेटवर्कवर हिंदीत आली, चिप्सच्या पाकिटातून टॅझो निघायला लागले, आणि शाळेतून घरी येईपर्यंत अर्धा भाग संपलेला असायचा. पुढे हंगामा टीव्हीवर पुन्हा पाहिलं असेल, पण क्रम कोणाच्या लक्षात आहे? त्यामुळे हा लेख अगदी नव्यांसाठी आहे आणि 'मी पाहिलंय ना सगळं' म्हणणाऱ्यांसाठीही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची सगळी निवड तिच्यावर बेतलेली आहे. इंटरनेटवर चॅरिझार्डच्या विजयांच्या क्लिप रग्गड आहेत. त्या पाहिल्यात तर तुम्हाला एक दणकट, आग ओकणारा, सगळ्यांना लोळवणारा प्राणी दिसेल आणि दहा मिनिटांत कंटाळा येईल. हा प्राणी कळतो तो त्याच्या हरण्यातून आणि त्याहून जास्त त्याच्या न ऐकण्यातून. म्हणून या यादीत पराभव मुद्दाम जास्त ठेवले आहेत.

बघायला बसण्याआधी

भागांच्या क्रमांकावर विसंबू नका, नावावर शोधा. जपानी क्रमांक आणि इंग्रजी-हिंदी डबचे क्रमांक जुळत नाहीत, कारण जपानबाहेर काही भाग दाखवलेच गेले नाहीत. त्यातला ३५ वा भाग योगायोगाने ड्रॅगन पोकेमॉन ड्राटिनीचा होता. बंदुका रोखण्याच्या दृश्यांमुळे तो बाहेर वगळला, आणि अ‍ॅशकडे एकदम टॉरॉसचा कळप कुठून आला हे जपानबाहेरच्या मुलांना कळलंच नाही. ३८ वा भाग डिसेंबर १९९७ मध्ये दाखवल्यावर त्यातल्या लुकलुकत्या प्रकाशाने शेकडो मुलांना त्रास झाला. मालिका चार महिने बंद राहिली आणि तो भाग पुन्हा कधीच लागला नाही. मी खाली देतोय ते आकडे जपानी मोजणीचे आहेत. तुमच्या यादीत दोन-तीनचा फरक पडला तर दचकू नका.

जुन्या लेखांमध्ये पोकेमॉन टीव्ही नावाच्या मोफत अ‍ॅपचा पत्ता दिलेला असतो. ते मार्च २०२४ मध्ये बंद झालं, तिथे वेळ घालवू नका.

आणि जपानी आवाजात पाहणार असाल तर नावं बदलतील. अ‍ॅश तिथे सातोशी आहे, चार्मँडर (चॅरिझार्डचं लहानपणचं रूप) हितोकागे आणि चॅरिझार्ड लिझार्डॉन. शोधताना उपयोग होतो.

पायरी पहिली: दगडावरचं पिल्लू

११ वा भाग, 'चार्मँडर: द स्ट्रे पोकेमॉन'. पहिला भाग पाहून अ‍ॅश कोण, पिकाचू कोण हे समजून घ्या आणि थेट इथे या. (वेळ असेल तर १०, ११, १२ सलग पाहा. या लागोपाठच्या तीन भागांत बल्बासोर, चार्मँडर आणि स्क्विर्टल अ‍ॅशकडे येतात.)

डेमियन नावाच्या ट्रेनरने (ट्रेनर म्हणजे पोकेमॉन पाळून लढवणारा) एका चार्मँडरला दगडावर बसवून 'मी येईपर्यंत थांब' असं सांगितलेलं असतं. परत येण्याचा त्याचा विचारच नसतो. पिल्लू अशक्त आहे म्हणून त्याला टाकून दिलं, हे तो पोकेमॉन सेंटरमध्ये मित्रांना हसत हसत सांगतो. बाहेर पाऊस सुरू होतो. चार्मँडरच्या शेपटीवर ज्योत असते आणि ती विझली तर तो मरतो, हे प्रेक्षकाला आधीच सांगितलेलं असतं. पिल्लू डोक्यावर पान धरून ज्योत वाचवायला बघतं, पण दगड सोडत नाही.

मुलांबरोबर पाहत असाल तर इथे ती गप्प होतात, आणि बहुधा तुम्हीही. अ‍ॅश आणि त्याचा सोबती ब्रॉक भर पावसात त्याला उचलून आणतात, नर्स जॉय रात्रभर उपचार करते, आणि शुद्धीवर आल्यावर ते पुन्हा दगडाकडे जातं. डेमियन शेवटी येतो तेव्हा मात्र चार्मँडर त्याच्याकडे जात नाही.

हा भाग घाईत पाहू नका, मोबाइल बाजूला ठेवा. पुढे हाच प्राणी अ‍ॅशच्या तोंडावर आग ओकेल तेव्हा तुम्हाला राग यायला हवा, आणि तो येतो या भागामुळेच.

पायरी दुसरी: वाढ होते आणि सगळं बिनसतं

४३ वा भाग 'मार्च ऑफ द एक्झेग्युटर स्क्वॉड' आणि ४६ वा 'अटॅक ऑफ द प्रीहिस्टॉरिक पोकेमॉन' एकाच बैठकीत पाहा.

पहिल्यात एक्झेग्युटरचा मोठा कळप गावाच्या दिशेने सुटलेला असतो. चार्मँडर एकटा त्याला थोपवतो, त्या श्रमातून तो इव्हॉल्व होतो, म्हणजे पुढचं मोठं रूप घेतो: चार्मेलियन. अ‍ॅश खूश होऊन पुढे येतो आणि त्याला उत्तर मिळतं ते तोंडावर आगीच्या फवाऱ्याने. हे विनोद म्हणून दाखवलंय, पण इथून पुढे पहिली लीग, म्हणजे ट्रेनरांची मोठी स्पर्धा, संपेपर्यंत हा विनोद महाग पडत जातो.

दुसऱ्यात जीवाश्म शोधणाऱ्यांची गर्दी जमलेल्या दरीत एरोडॅक्टिल जागा होतो आणि अ‍ॅशला पंजात धरून उडून जातो. चार्मेलियन इव्हॉल्व होऊन चॅरिझार्ड होतो आणि मागे झेपावतो. अ‍ॅशला वाटतं, मला वाचवायलाच हा इव्हॉल्व झाला! नीट पाहा: एरोडॅक्टिलने चार्मेलियनचा अपमान केलेला असतो आणि त्याला फक्त त्याचा हिशोब चुकता करायचा असतो. अ‍ॅश तिथे लटकलेला आहे हे त्याच्या दृष्टीने गौण आहे. पटकथेचं हे मला सगळ्यात आवडणारं काम. मुख्य पात्राचा गैरसमज प्रेक्षकाला कळतो, पात्राला मात्र कळत नाही.

तो ऐकत का नाही? मूळ व्हिडिओ गेममध्ये नियम आहे: दुसऱ्याकडून मिळालेला पोकेमॉन तुमच्या बॅजच्या (जिम नावाच्या आखाड्यांत जिंकून मिळणाऱ्या बिल्ल्यांच्या) मानाने फार ताकदवान झाला तर तो तुमची आज्ञा पाळत नाही. मालिकेने तो कोरडा नियम घेतला आणि त्याचं ऐन वयात आलेल्या, बापापेक्षा उंच झालेल्या मुलाचं वागणं करून टाकलं. चॅरिझार्ड मोठा झालाय, अ‍ॅश अजून दहा वर्षांचाच आहे.

पायरी तिसरी: एक विजय, एक नामुष्की

५९ वा भाग, 'व्होल्कॅनिक पॅनिक'. ज्वालामुखीतल्या जिममध्ये तिथल्या प्रमुखाच्या, ब्लेनच्या, मॅगमारविरुद्ध चॅरिझार्ड स्वतःहून उतरतो, कारण समोरचा त्याला आपल्या तोलाचा वाटतो. इथे त्याची खास चाल दिसते, सेस्मिक टॉस: प्रतिस्पर्ध्याला कवटाळून उंच आकाशात न्यायचं, गोल गोल फिरवायचं आणि जमिनीवर आपटायचं. गेममध्ये ही चाल फारच साधी आहे, चाल करणाऱ्या पोकेमॉनच्या लेव्हलइतकं नुकसान, बस्स. पडद्यावर मात्र अख्खी पृथ्वी मागे फिरते. हा भाग पाहून मजा येईल. ती येऊ द्या, कारण पुढे तोंडाची चव जाणार आहे.

अ‍ॅश इंडिगो लीगमध्ये शेवटच्या सोळांत पोचतो आणि रिची नावाच्या, जवळपास त्याच्यासारख्याच मुलाशी त्याची गाठ पडते. भागाचं नाव 'फ्रेंड अँड फो अलाइक'. अ‍ॅशकडे शेवटचा पर्याय चॅरिझार्ड. तो रिचीच्या चार्मँडरला हरवतो, आणि समोर रिचीचा पिकाचू आल्यावर मैदानातच आडवा होऊन झोपतो. अ‍ॅश ओरडतो, विनवतो. पंच निकाल देतात. ऐंशी भागांचा प्रवास एका डुलकीने संपतो.

लहान मुलांच्या मालिकेत नायक असा हरावा, तोही प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीमुळे नाही तर घरच्यानेच साथ न दिल्यामुळे, हे धाडस होतं. अनेकांना आजही हा निकाल खटकतो. मला तो चोख वाटतो. चॅरिझार्डवर अ‍ॅशने काहीच मेहनत घेतलेली नसते. अडलं की पोकेबॉल टाकायचा आणि नशिबावर सोडायचं, एवढंच.

पहिला चित्रपट, 'मिव्टू स्ट्राइक्स बॅक' (जपानमध्ये जुलै १९९८), पाहायचा असेल तर ५९ आणि लीगच्या मध्ये बसतो. त्यात चॅरिझार्ड कोणी न सांगता खलनायक मिव्टूवरच आग सोडतो, आणि पुढे स्वतःच्याच क्लोनकडून मार खातो. गोष्टीसाठी तो सक्तीचा नाही.

पायरी चौथी: ज्या भागासाठी हे सगळं

'चॅरिझार्ड चिल्स'. अ‍ॅश, मिस्टी आणि ट्रेसी ऑरेंज बेटांवर फिरत असतानाचा हा भाग आहे. तुम्ही घाईत असाल आणि दोनच भाग पाहू शकत असाल, तर ११ वा आणि हा पाहा.

टॅड नावाच्या ट्रेनरचा पॉलीरॅथ समोर असतो. चॅरिझार्ड नेहमीप्रमाणे अ‍ॅशचं ऐकत नाही, आणि पॉलीरॅथ त्याला बर्फात गोठवून टाकतो. शेपटीची ज्योत मंदावते. मग रात्रभर अ‍ॅश शेकोटी पेटवतो, पांघरुणं घालतो, स्वतःच्या हातांनी त्याचं थंडगार अंग चोळत बसतो. हात सोलवटतात तरी थांबत नाही. चॅरिझार्डला पावसातली ती रात्र आठवते.

इथे ११ वा भाग आठवणीत ताजा असला पाहिजे, म्हणून क्रमाचा एवढा आग्रह. तेव्हा शेपटीची ज्योत पावसाने विझत होती, आता त्याच्याच हट्टाने. दोन्ही वेळा वाचवणारा अ‍ॅशच. आणि अ‍ॅशही इथे पहिल्यांदा कबूल करतो की आपण त्याला समजूनच घेतलं नव्हतं. सकाळी चॅरिझार्ड आज्ञा ऐकतो. एवढं साधं वाक्य, पण साठेक भाग त्याची वाट पाहिलेल्या मुलांना विचारा.

पायरी पाचवी: आता तो ऐकतो, तरी हरतो

'एंटर द ड्रॅगनाइट' हा ऑरेंज लीगच्या अंतिम सामन्याचा भाग. ड्रेकच्या ड्रॅगनाइटपुढे चॅरिझार्ड उतरतो आणि हरतो. शेवटचा घाव पिकाचू घालतो. अ‍ॅश करंडक जिंकतो.

इथे एक खुलासा. चॅरिझार्ड दिसायला पक्का ड्रॅगन असला तरी गेमच्या हिशोबात तो ड्रॅगन प्रकारचा नाही. तो आग आणि उड्डाण प्रकारचा आहे. ड्रॅगनाइट खरा ड्रॅगन, आणि ड्रॅगनवर आगीचा परिणाम निम्माच होतो. लढती समजून घ्यायला एवढं गणित पुरे: चॅरिझार्डला पाणी आणि वीज जड जातात, दगड तर चौपट लागतो, जमिनीच्या चाली लागतच नाहीत. गवत, बर्फ, किडे आणि पोलाद या प्रकारांवर त्याची आग दुप्पट चालते. मालिका हे नियम सोयीनुसार वाकवते, पण नियम माहीत असले तर कुठे वाकवले तेही कळतं. पंखवाला असून गेमच्या पहिल्या आवृत्त्यांत हा प्राणी 'फ्लाय' ही उडण्याची चाल शिकूच शकत नव्हता. ती सोय नंतरच्या यलो आवृत्तीत झाली.

यानंतर 'चॅरिझार्ड्स बर्निंग अँबिशन्स'. जोहटो प्रदेशात चॅरिसिफिक व्हॅली नावाची दरी आहे, तिथे जंगली चॅरिझार्ड राहतात. त्यांच्यापुढे आपला चॅरिझार्ड अगदीच किरकोळ ठरतो. दरीची राखणदार लायझा तसं तोंडावर सांगते. शेवटी अ‍ॅश त्याला तिथेच शिकायला ठेवतो, आणि तो मागे येऊ नये म्हणून 'तुझी मला गरज नाही' असं सांगून पळत सुटतो. एका मालकाने याला परत न येण्यासाठी सोडलं होतं, दुसऱ्याने त्याच्या भल्यासाठी. दिग्दर्शकाने हे कुठेही बोलून दाखवलेलं नाही.

पायरी सहावी: पाहुणा म्हणून परत येणं

इथून पुढे चॅरिझार्ड मोजक्याच वेळा येतो. मधले शेकडो भाग बिनदिक्कत सोडा.

तिसऱ्या चित्रपटात (जपानमध्ये जुलै २०००) अ‍ॅश संकटात असताना तो दरीतून उडत येतो आणि त्याला पाठीवर घेऊन एन्टेई नावाच्या बलाढ्य पोकेमॉनशी भिडतो. ही लढत पूर्ण पाहा, त्याच्या आगीचं चित्रण इथे टीव्हीपेक्षा कितीतरी सरस आहे.

जोहटोच्या लीगमधला, म्हणजे सिल्व्हर कॉन्फरन्समधला, 'कान्ट बीट द हीट' हा माझ्या मते त्याचा सर्वोत्तम सामना. समोर लहानपणापासूनचा प्रतिस्पर्धी गॅरी आणि त्याचा ब्लास्टॉइज, म्हणजे पाणी. अ‍ॅश मैदानातले खडक आगीने तापवायला लावतो. ब्लास्टॉइज पाणी मारून ते थंड करू बघतो, वाफेचा ढग उठतो, आणि त्या वाफेत चॅरिझार्ड त्याला कवटाळतो. पुढे काय, हे तुम्ही ५९ व्या भागात पाहिलेलं आहे. रिचीपुढे झोपलेला प्राणी तो हाच, हे लक्षात ठेवून पाहा. लगेचच्या फेरीत हॅरिसनच्या ब्लेझिकेनकडून तो हरतो आणि अ‍ॅश पहिल्या आठांत थांबतो. तो पराभवही पाहा, कारण त्यात दोघांनीही काही कमी केलेलं नसतं.

बॅटल फ्रंटियर या लढतींच्या मालिकेतला 'द सिम्बॉल लाइफ' मात्र नुसत्या आनंदासाठी. समोर नोलंडचा साथी आर्टिक्युनो, दंतकथेतला बर्फपक्षी, आणि चॅरिझार्ड त्याला हरवतो. पुढे ब्रँडनविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात तो डसक्लॉप्सकडून हरतो, तो भाग वाटलं तर पाहा.

शेवटचा थांबा युनोव्हा प्रदेशातल्या प्रवासातला 'द फायर्स ऑफ अ रेड-हॉट रियुनियन'. अ‍ॅश मित्रांना त्याची गोष्ट सांगतो, जुनी दृश्यं येतात आणि चॅरिझार्ड संघात परततो. सोबत फिरणाऱ्या आयरिसच्या ड्रॅगनाइटशी त्याची जुंपते. पहिल्या पाच पायऱ्या झालेल्या नसतील तर हा भाग तुम्हाला नुसती उजळणी वाटेल.

कोणता चॅरिझार्ड आपला नाही

इथे नवे लोक हमखास घोटाळतात. काळा, निळ्या ज्वाळांचा मेगा चॅरिझार्ड एक्स (मेगा म्हणजे लढतीपुरतं येणारं जास्त ताकदीचं रूप) हा अ‍ॅलनचा आहे. कालोस प्रदेशातल्या लीगच्या अंतिम सामन्यात त्याने अ‍ॅशला हरवलं. (गंमत म्हणजे हे रूप गेममध्ये खरोखरच ड्रॅगन प्रकारात मोडतं.) अ‍ॅशच्या चॅरिझार्डने मालिकेत कधीच मेगा रूप घेतलेलं नाही. तशी चित्रं चाहत्यांनी काढलेली असतात. २०२२ मध्ये अ‍ॅश जगज्जेता झाला त्या सामन्यातला चॅरिझार्ड लिऑनचा, म्हणजे विरुद्ध बाजूचा. डोक्यावर रिबन असलेली चार्ला लायझाची. अलोला प्रदेशात पाठीवर माणसं वाहून नेणारा कियावेचा.

आणि २०१७ चा 'आय चूज यू' हा चित्रपट. त्यातही पावसातला चार्मँडर आहे, पण टाकून देणारा क्रॉस नावाचा वेगळाच मुलगा आहे, आणि इव्हॉल्व झाल्यावरही हा चॅरिझार्ड गुणी बाळासारखा ऐकतो. चित्रपटाचा काळ मालिकेपेक्षा स्वतंत्र आहे. देखणा आहे, तरी सुरुवात त्याने करू नका. न ऐकण्याचा सगळा भागच त्यातून गळलाय.

मुलांसाठी एवढंच: पाच-सहा वर्षांच्या मुलांना ११ वा भाग एकट्याने पाहायला लावू नका, डेमियनचं हसणं त्यांना चांगलंच लागतं. नऊ-दहाच्या पुढची मुलं 'चॅरिझार्ड चिल्स'ला स्वतःहून ११ व्या भागाशी जोडतात, तुम्ही आधी सांगून टाकू नका.

हे संपल्यावर अ‍ॅशचे खरे ड्रॅगन प्रकारचे साथी पाहायचे असतील तर गिबल, कालोसमधला गूड्रा, नॉइव्हर्न आणि 'जर्नीज' मालिकेतला सगळ्यांना मिठ्या मारत सुटणारा ड्रॅगनाइट, या क्रमाने जा. गूड्राची गोष्ट चॅरिझार्डच्या सगळ्यात जवळ जाते. तिचे भागही थोडेच आहेत, एका सुट्टीच्या दिवसात होतात.